चौकशीच्या खिडकीवरील स्वप्नपूर्तीचे प्रकरण

लहानपणी माणसाला जे व्हायचं असतं ते त्याने मोठेपणी होऊ नये, या एका गोष्टीवर समाजाची घडी टिकून आहे. थोडा विचार केला तर हे कोणालाही पटेल. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना विमान चालवायचं असतं, पाव हिश्श्याला आगीचा बंब, आणि उरलेल्यांना आइस्क्रीमचं दुकान काढायचं असतं (विकण्यासाठी नव्हे). हे सगळं खरोखर घडलं असतं, तर आकाशात विमानांची दाटी झाली असती, आत बसायला उतारू मिळाला नसता आणि विझवायला आग पुरली नसती. म्हणून निसर्गाने सोय अशी केली आहे की मूल मोठं होतं, कुठेतरी चिकटतं आणि आयुष्यभर एक हळहळ जवळ बाळगतं. ही हळहळ दुपारच्या चहाबरोबर थोडी थोडी घेतली की माणूस संध्याकाळपर्यंत काम रेटू शकतो.

ज्या कार्यालयाची ही हकिकत आहे, तिथे हळहळीचा पुरवठा उत्तम होता. खालच्या दालनात ओळीने खिडक्या होत्या. एकीवर दाखले मिळत, एकीवर नकला, एकीवर पैसे घेत आणि शेवटच्या खिडकीवर तक्रारी घेत नसत. चौथ्या खिडकीवरच्या बाईंना नर्तकी व्हायचं होतं, आणि गर्दी वाढली की त्या टेबलाखाली पाय आपटत. कॅशिअरला जंगलात वाघांच्या शेजारी झोपडी बांधून राहायचं होतं. मोठ्या साहेबांना जादूगार व्हायचं होतं (फायली नाहीशा करण्यापर्यंत त्यांची प्रगती झाली होती, परत आणण्याचा भाग राहून गेला). शिपायाला राजा व्हायचं होतं आणि त्याने अजून आशा सोडलेली नव्हती. रोज चहाच्या वेळी कोणीतरी कप खाली ठेवून म्हणे, "मला तर खरं म्हणजे..." आणि बाकीचे आपापल्या कपात बघत. अशा रीतीने सगळं सुरळीत चाललं होतं.

दाराजवळची पहिली खिडकी चौकशीची होती. तिच्या काचेला खालच्या बाजूला अर्धगोल भोक होतं, आणि ते इतकं खाली होतं की विचारणाऱ्याला कमरेत वाकल्याशिवाय गत्यंतर नसे. आत जे गृहस्थ बसत त्यांना सगळं कार्यालय चौकशीवाले म्हणे. ते सकाळी सर्वांच्या आधी येत, स्वतःच्या रुमालाने काच पुसत, खुर्ची जरा पुढे ओढत आणि पहिला माणूस वाकला की उजळत. "तिसऱ्या खिडकीवर जा, पण आधी पाचवीवरून सही घ्या, नाहीतर परत यावं लागेल," असं ते सांगत, आणि सांगताना त्यांच्या तोंडावर जेवून उठल्यासारखी तृप्ती असे. बावीस वर्षं हा प्रकार चालू होता. सहकाऱ्यांना वाटे, माणूस जरा साधा असावा किंवा त्याला घरी काही त्रास असावा. चहाला ते कधी येत नसत, कारण त्याही वेळी कोणीतरी वाकलेलं असे.

अशातच वरून परिपत्रक आलं. कर्मचाऱ्यांचे मनोबल महिनाअखेरपर्यंत वाढवण्यात यावे आणि वाढल्याचे कळवण्यात यावे, असं त्यात होतं. मनोबल वाढवण्यासाठी पांढरे बूट घातलेले एक प्रशिक्षक आले. माणसाच्या आत एक लहान मूल दडलेलं असतं आणि त्याला बाहेर काढलं की बाहेरचा माणूस जोमाने कामाला लागतो, हे त्यांचं शास्त्र होतं. त्याच्या चार पायऱ्या होत्या: आठवणे, गहिवरणे, स्वीकारणे आणि दोन वाजेपर्यंत जागेवर परत जाणे. खुर्च्या गोल मांडण्यात आल्या, दिवे मंद करण्यात आले, आणि प्रत्येकाने डोळे मिटून लहानपणी कोण व्हायचं होतं ते सांगायचं ठरलं.

निकाल अपेक्षेहून चांगला लागला. अर्ध्याहून अधिक कर्मचारी रडले, काहींचे डोळे पाणावले आणि दोघांनी मुदत मागितली. मोठे साहेब रडले तेव्हा तर आधी रडून झालेल्या तिघांनी शिस्त म्हणून पुन्हा रडून घेतलं. मग पाळी चौकशीवाल्यांची आली.

"मला चौकशीच्या खिडकीत बसायचं होतं," ते म्हणाले.

"आत्ताचं नाही हो," प्रशिक्षक समजुतीने म्हणाले. "लहानपणचं सांगा."

"लहानपणचंच सांगतोय."

आणि त्यांनी सांगितलं. ते सात वर्षांचे असताना वडिलांबरोबर असल्याच एका कार्यालयात गेले होते. वडील खोकले तरी घर चिडीचूप व्हायचं. वडील कधी कोणापुढे वाकले नव्हते, आपल्याच घराच्या ठेंगण्या दारालाही वाकत नसत (कपाळावर तशी खूण होती). तर असे वडील त्या भोकाशी कमरेत वाकले आणि घरात कोणी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "जरा सांगता का हो?" आतला माणूस रागावला नाही. तो म्हणाला, चौथी खिडकी, आणि घाई करू नका, ते पाचपर्यंत असतात. वडील सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता, आणि बाहेर आल्यावर त्यांनी मुलाचा हात धरला, जो ते एरवी धरत नसत. त्याच दिवशी मुलाने ठरवलं की आपण मोठेपणी तिथे, आत बसायचं.

प्रशिक्षकांनी आपली पुस्तिका चाळली. तीत अशा मुलासाठी पायरी नव्हती.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"आता बसलोय की," चौकशीवाले म्हणाले.

या उत्तराचे परिणाम दुसऱ्या दिवसापासून दिसू लागले. चहाच्या वेळी कोणी "मला तर खरं म्हणजे..." असं सुरू केलं, की बाकीच्यांची नजर आपोआप खालच्या पहिल्या खिडकीकडे जाई आणि वाक्य तिथेच विरघळे. चौथ्या खिडकीवरच्या बाईंनी, मग आम्ही काय वेडे म्हणून रडलो का, असा रास्त प्रश्न उपस्थित केला. ते मुद्दाम आपल्याला हिणवायला तसं बोलले, असा एक मतप्रवाह होता, आणि दुसरा मतप्रवाह असा होता की ते मुद्दाम बोलले नाहीत, आणि हे जास्तच वाईट आहे. सर्वांत गंभीर बाब कॅशिअरची झाली. त्यांनी आपण जंगलात का गेलो नाही याचा शांतपणे विचार केला, त्यांना एकही कारण सापडलं नाही, आणि त्यांनी वाघ बघण्यासाठी दीड महिन्याच्या रजेचा अर्ज टाकला. असंच चाललं तर कार्यालयात राजेपणाला उत्सुक असा एक शिपाई तेवढा उरेल, हे साहेबांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी तीन जणांची समिती नेमली.

माणूस खोटं बोलतो आहे, हा समितीचा पहिला आणि आवडता अंदाज होता. खातरजमेसाठी समिती त्यांच्या घरी गेली. तिथे त्यांच्या आईने सांगितलं, "खोक्याला भोक पाडून आत बसायचा. सगळ्या घराला वाकून विचारायला लावायचा, मीठ कुठंय, कात्री कुठंय. आणि सांगायचा हो अगदी बरोबर." त्याला कधी याहून चांगलं काही सुचवलं नाही का, असं समितीने विचारलं. "सुचवलं की. म्हटलं, डॉक्टर हो. तर म्हणाला, डॉक्टर कुठे बसतात ते मी सांगेन."

नंतर पत्नीची विचारपूस झाली. ते रात्री उठून येरझारा घालतात का, उसासे सोडतात का, आपलं आयुष्य वाया गेलं असं निदान सणावाराला तरी म्हणतात का? "हे पाठ टेकली की घोरतात," त्या म्हणाल्या. ओघात एका सदस्याने त्यांना स्वतःला काय व्हायचं होतं तेही विचारलं. त्या म्हणाल्या की हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. हा मुद्दा समितीच्या कक्षेबाहेरचा असल्याने तो इतिवृत्तात घेण्यात आला नाही.

स्वप्न अस्सल आहे, ते पूर्णपणे साकार झालेले आहे आणि संबंधितास त्याचा लवलेशही पश्चात्ताप नाही, असा निष्कर्ष निघाला. आता कारवाई कशाखाली करायची हा पेच होता. वर्तणुकीचे नियम उलटसुलट चाळण्यात आले. कामावर दारू पिणं, झोपणं, मारामारी करणं, चोरून शिकवण्या घेणं यांना मनाई होती, पण समाधानी असण्याला नव्हती. असं कधी घडेल हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसावं. समिती हताश झाली. तेव्हा हेडक्लार्कांनी त्या उपायाची आठवण करून दिली, ज्याने आजवर असंख्य चांगल्या माणसांना त्यांच्या चांगल्या कामापासून सुरक्षित अंतरावर नेलं आहे. तो उपाय म्हणजे बढती.

बढतीचा हुकूम हातात पडताच चौकशीवाले जिना चढून साहेबांकडे गेले. आयुष्यात त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागायचं कसं हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं.

"साहेब, मला तिथेच राहू द्या," ते म्हणाले. "बढती दुसऱ्या कुणाला द्या. पगारही वाढवू नका. मला तेवढी खिडकी राहू द्या."

साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना गलबलून आलं (पुष्कळ दिवसांनी, म्हणून बरंही वाटलं). "अहो, तुमच्यावर कोणाचा राग नाही," ते म्हणाले. "पण एकट्या तुमचं झालं, तर बाकीच्यांनी स्वतःला काय सांगायचं?"

चौकशीवाले उभे राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच असं झालं की कोणी त्यांना काही विचारलं आणि त्यांच्याजवळ सांगायला खिडकीचा नंबर नव्हता.

बढती नाकारण्याची सोय नियमांत आहे. आजारपण, वृद्ध आईवडील, चालू असलेला खटला अशी सात कारणं त्यासाठी ग्राह्य धरली जातात. 'आहे तेच हवे आहे' हे आठवं कारण त्यांनी लिहून दिलं, आणि ते वाचता येत नसल्याच्या शेऱ्यानिशी परत आलं.

त्यांना वरच्या मजल्यावर पर्यवेक्षक (चौकशी व तत्सम) म्हणून बसवण्यात आलं. खोलीला गालिचा होता, कपाट होतं, दोन पंखे होते आणि एकही खिडकी नव्हती. तिथे कोणी काही विचारायला येत नसे. पहिल्या आठवड्यात त्यांनी झाडायला आलेल्या बाईला, न विचारता, जिना कुठे आहे ते सांगितलं. ती म्हणाली, आत्ता त्यानेच आले मी. दुसऱ्या आठवड्यात ते घड्याळाकडे बघायला शिकले. पुढे पुढे रात्री त्यांना झोप येईना, आणि पत्नीने हे कार्यालयास कळवलं नाही, कारण आता कोणी विचारत नव्हतं.

मग एका दुपारी ते चहाला आले. कोपऱ्यात बसले. कप हातात घेतला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "मला तर खरं म्हणजे खाली बसायचं होतं." पुढे त्यांना बोलता आलं नाही.

त्या क्षणी जे घडलं ते पाहून कोणाचंही मन भरून आलं असतं. चौथ्या खिडकीवरच्या बाईंनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. कॅशिअरने बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि संध्याकाळी रजेचा अर्ज मागे घेतला. शिपायाने, राजाला शोभेल अशा उदारपणे, त्यांना दुसरा कप आणून दिला. मोठ्या साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मनोबल शंभर टक्के वाढल्याचं त्याच आठवड्यात वर कळवण्यात आलं.

चौकशीच्या खिडकीवर आता एक तरुण बसतो. त्याला वैमानिक व्हायचं होतं. तो विचारणाऱ्याच्या डोक्यावरून छताकडे बघत उत्तर देतो, आणि लोक चुकीच्या रांगेत उभे राहतात. कार्यालयात त्याचं सगळ्यांशी छान जमतं.

हे वाचून वाचकांना वाईट वाटलं असल्यास ते साहजिक आहे. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. तो माणूस काच पुसून खुशीत बसला होता तेव्हा तुम्हालाही वाटलंच होतं की खिडकीत बसणं हे काय स्वप्न झालं, जरा कमीच दिसतो हा. तो कप हातात धरून गहिवरला तेव्हा कुठे तुम्हाला आपला वाटू लागला. समितीचंही नेमकं हेच म्हणणं होतं.