देवकाबाईचा पितळी गंज

"गंज हे नाव तोंडातून काढाचं नाई. नुसतं असं बोलाचं का गोकुळाले आपोआप आठवलं पाह्यजे," देवकाबाईने नवऱ्याला बजावले.

शालिकराम पागोटे बांधता बांधता थांबला. "नाव न घेता कसं आठवंल वो?"

"ते तुमी पाहा. पंचायतीत त लय बोलता."

पंचायतीत शालिकराम एक अक्षर बोलत नसे, हे देवकाबाईलाही ठाऊक होते. पण ती स्वतः गेली असती तर पहिला शब्द गंज हाच निघाला असता, आणि दिलेली वस्तू परत मागणारी बाई असे गावाने म्हटले असते. त्यापेक्षा तिला विहीर बरी.

झाले होते असे. पोळ्याच्या दिवशी तलावाकाठच्या गोकुळा ढिवरणीची सून बाळंत झाली. देवकाबाईने खीर पाठवली. वाटीभर पाठवायची तर पाठवूच नये, हा तिचा कायदा. म्हणून माहेरून आलेला, भात रांधायचा मोठा पितळी गंज काठोकाठ भरून गेला. खीर संपली आणि गंज तिथेच अडकला. कारण आमच्या झाडीपट्टीत कोणाचे भांडे रिकामे परत करत नाहीत. चार वांगी घालतील, मूठभर डाळ घालतील, पण रिकामे देणार नाहीत. गोकुळाचे सारे घर तलावावर जगायचे. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, पण पाणी काही सरकारचे ऐकत नाही. यंदा ते उतरेचना. खोल पाण्यात जाळे टाकून हाती यायचे ते मूठभर झिंगे. काजू-चारोळी घातलेल्या खिरीच्या गंजात झिंगे घालून द्यायचे? गोकुळाने गंज चिंचेने घासून लखलखीत केला, फळीवर ठेवला आणि मोठ्या मासळीची वाट पाहत बसली.

इकडे वरोऱ्याहून चंदाला पाहायला पाहुणे यायचे ठरले. मुलगा कापसाच्या जिनात कामाला, घर चांगले, चंदाच्याही मनात भरलेले. पण मुलाची आई अन्नपूर्णाबाई अशी, की आतापर्यंत तिने कोणाच्या घरी चूल, तर कोणाच्या घरी पाण्याचा माठ पाहून मुली नाकारल्या होत्या. तिच्यासमोर भात मातीच्या मडक्यात रांधायचा, हे देवकाबाईला स्वप्नातही सोसणारे नव्हते.

शालिकराम गोकुळाच्या ओट्यावर जाऊन बसला. समोरच फळीवर गंज चमकत होता.

"परवा पाहुने येऊन राह्यले. चंदाले पाह्याले."

"मोठी चांगली गोष्ट झाली भाऊ!"

"हो. पन देवका काळजीत हाय. रांधाची पंचाईत झाली."

"काऊन? काय कमी पडलं? सांगा ना भाऊ."

शालिकरामने एकदा गंजाकडे पाहिले, एकदा जमिनीकडे पाहिले, लोटाभर पाणी प्याला, "काई नाई" म्हणाला आणि उठून आला.

गोकुळा जागच्या जागी सुन्न झाली. एवढा मोठा शेतकरी, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटू नये? साठवणीच्या ढोलीतले धान संपले असणार! दिवाळीआधी, नवे धान हाती यायच्या आत, कोणाचीही ढोली तळ दाखवते. पण देवकाबाईची? आणि अशा घरी आता रिकामा गंज नेऊन आदळायचा? छे! गंज तर आता मुळीच नेता येत नव्हता. तिने विहिरीवर मनकर्णेला हळूच सांगितले, "कोनाले सांगू नोको." मनकर्णेनेही पुढे सांगताना तेवढे आवर्जून बजावले. दिवस मावळायच्या आत कोणाला सांगायचे नाही हे साऱ्या गावाला कळले.

हेच गाव एरवी कोणाच्या लुगड्याला ठिगळ दिसले तर आठवडाभर बोलेल. पण त्या दिवशी कोणी हसले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून देवकाबाईच्या मागच्या दाराशी भांडी येऊ लागली.

"वांगे लय झाले बाई. पडल्या पडल्या किडून जातीन," मनकर्णा म्हणाली.

दुसरी म्हणाली, "हलक्या धानाचे तांदूळ हायत. रांधून सांगा बरं कसे लागते त." तिसरीने तर तूप आणले आणि म्हणाली, मांजरं फार झाली म्हणून!

देवकाबाईला वाटले, आपल्या चंदावर गावाचा किती जीव. ती हरखून भांडी ओळीने मांडत होती. तेवढ्यात म्हातारी बुधरी काठी टेकत आली, पितळी डबाभर पोहे ठेवले आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "लाजू नोको माय. ढोल्या काय, साऱ्यायच्याच रिकाम्या होतेत."

म्हातारी गेल्यावर देवकाबाई नवऱ्यावर धावली. "तुमी बोलले तरी काय?"

"मी कुठी बोललो? मी त चूप होतो!"

"तेच त!"

तिने पदर खोचला. "चला. साऱ्या गावाले बोलावतो अन् ढोली उघडून दाखवतो. गळ्यापर्यंत धान हाय माह्या घरात!"

चंदा दारात आडवी उभी राहिली. "आई, दाखवशीन. मंग लोक इचारतीन, बाबा गोकुळामावशीकडे कायले गेल्ते? काय सांगशीन?"

देवकाबाईचा पाय उंबरठ्यावरच थांबला. खरे सांगायचे तर गंजासाठी. म्हणजे गोकुळाला गावात तोंड काढायला जागा नाही. एका पारड्यात स्वतःचे नाक, दुसऱ्यात गोकुळाचे. उभ्या आयुष्यात जिभेवर आलेले उत्तर तिने कधी गिळले नव्हते. ते तिने गिळले, आणि गुपचूप वांगी चिरायला बसली.

पाहुणे आले. भात मनकर्णेच्या पातेल्यात, वरण दुसरीच्या, भाजी तिसरीच्या. अन्नपूर्णाबाईने चंदाकडे कमी आणि भांड्यांकडे जास्त पाहिले. एकेक भांडे फिरवून तिने कोरलेली नावे वाचली.

"हे मनकर्णाचं. हे बुधरीचं. तुमचं कोनतं बाई?"

देवकाबाईने तिच्या पानात आणखी भात वाढला. शालिकराम पुन्हा लोटाभर पाणी प्याला. चंदाचा चेहरा उतरला.

अन्नपूर्णाबाई उठायला लागली, तोच मागच्या दारातून गोकुळा धावत आत आली. नखशिखांत चिखल, डोक्यावर गंज. सकाळी तलावातून धानाला पाणी सोडले, तलाव उतरला आणि पहिल्याच जाळ्यात हातभर लांब मरळ लागली होती. गंज खाली ठेवताच मरळेने उसळी घेतली ती थेट अन्नपूर्णाबाईच्या मांडीवर. पाहुणीने किंकाळी फोडली, चंदाने झडप घालून मासळी पकडली आणि गंजात दाबली.

"माफ करजा बाई," गोकुळा धापा टाकत देवकाबाईला म्हणाली. "पोळ्यापासून तुमचा गंज ठेवून घेतला. तुमच्या खिरीवर मूठभर झिंगे घालून द्याले जीव होत नव्हता."

अन्नपूर्णाबाईने लुगडे झटकत विचारले, "तेवढ्यासाठी इतके दिवस भांडं ठेवलं?"

"मंग काय रिकामं आनू?"

पाहुणीने ओळीने मांडलेल्या भांड्यांकडे पुन्हा पाहिले. "अन् हे सारे?"

"हे आता मले भरून द्याचे हायत," देवकाबाई म्हणाली. जास्त एक शब्द नाही. ढोलीचेही नाव नाही.

अन्नपूर्णाबाई जाताना म्हणाली, "घरी जाऊन कळवतो." असे कळवणारे कधी कळवत नाहीत, हे चंदालाही माहीत होते. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

देवकाबाईने मात्र गंज धुतला, तांदळाने शीग लावून भरला, फडके बांधले आणि स्वतः उचलून पाहुण्यांच्या बैलगाडीत ठेवला.

"कायले बाई एवढं?"

"राहू द्या. गंज द्याची घाई नाई. कवाही आना."

गाडी हलली. वळणापर्यंत अन्नपूर्णाबाई मांडीवरच्या गंजाकडेच पाहत होती. चंदाने मात्र आईकडे पाहिले आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

दिवाळी झाली आणि अन्नपूर्णाबाई पुन्हा आली. गंजात हिरवे लुगडे, नारळ, आणि वर साखर. सारे गाव पाहायला जमले. गोकुळाने गंज उतरवून घेतला.

शालिकरामने सुटकेचा श्वास सोडला. "आला एकदाचा गंज घरी. फिटलं."

"कुठी फिटलं?" देवकाबाई कडाडली. "भरून आला ना? मंग भरूनच धाडा लागंल."

"आता काय धाडतं वो?"

देवकाबाईने हिरवे लुगडे चंदाच्या खांद्यावर टाकले, जरा वेळ तसाच हात ठेवला, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली,

"मंग काय, मूठभर झिंगे धाडू?"