ट्वेंटी फाइव्ह उशा

उशांच्या कारखान्यात दुपारी कापूस हवेत तरंगत असे आणि त्याखाली बसलेल्या जावईबापूंच्या पापण्या आपोआप जड होत. अशाच एका पेंगुळल्या दुपारी त्यांनी सासऱ्यांसाठी प्रोग्राम लिहिला. पत्रात इंग्रजी शब्दांत लिहिलेला आकडा वाचायचा, त्याची संख्या करायची आणि तेवढा माल गाडीत चढवायला सांगायचं.

पहिलं पत्र वृद्धाश्रमाच्या बाईंचं आलं. उशा हव्यात, ‘ट्वेंटी फाइव्ह’. प्रोग्रामने २० मांडले, त्याला शेजारी ५ चिकटवला आणि २०५ उशा डुलत डुलत रवाना झाल्या.

“अहो, तिथे माणसं पंचवीस!” सासरे ओरडले. “एकेकाला डोकी तरी किती?”

“बेरीज करायची राहिली, बाबा. एका ओळीचं तर काम आहे.”

ती ओळ बदलून होते न होते तोच बाईंचं दुसरं पत्र आलं : जादा उशा परत न्या, ‘वन हंड्रेड एटी’. आता प्रोग्रामने इमानेइतबारे बेरीज केली. एक, अधिक शंभर, अधिक ऐंशी. गाडीवाला १८१ उशा मोजून घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. “चोवीसच उरल्यात! आमचे एक आजोबा हाताची उशी करून झोपले.”

सासऱ्यांनी एक उशी उचलून जावयाच्या हातात दिली.

“बाबा, शंभर आला की आधीच्या आकड्याने गुणायला हवं होतं...”

“गुणा नंतर. आधी ही पोचवा. एक आहे, चुकणार नाही.”

वृद्धाश्रमात खिडकीचे पडदे संथ हलत होते. मान अवघडलेले आजोबा खुर्चीत बसले होते. “मऊ आहे का हो? जरा टेकून बघा बरं,” ते म्हणाले. जावईबापू कॉटवर टेकले. पडदा फुगला, शंभराची दोन शून्यं ढगांसारखी वर गेली, आणि सगळा गुणाकार त्यांना लख्ख दिसला.

तासाभराने सासऱ्यांनी फोन केला. “उशी पोचली ना?”

“पोचली,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “पण आम्ही अजून चोवीसवरच आहोत. पंचविसावीवर तुमचे जावई झोपलेत.”

“उठवा त्याला!”

“आजोबा उठवू देत नाहीत. पांघरूण घालून शेजारी बसलेत.”

“मग आणखी एक पाठवतो. पत्र तेवढं टाका,” सासरे म्हणाले. “आणि बाई, कृपा करून आकड्यात लिहा.”