शेगडीघर आणि भगवानभाऊंची मिशी

अख्ख्या वर्तकनगरात आगीच्या बाबतीत माझ्याइतका काळजी घेणारा माणूस नाही. हसू नका! तळमजल्याला राहतो, मागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे मी शेगडीघर बांधलं. कल्याणच्या भंगारवाल्याकडून अर्धा कापलेला ड्रम आणलेला, कोंबडीच्या तंगड्या भाजायला. माझा दोस्त मोरू, खाडीवरचा कोळी, त्याने मासे धुरावर धरायचं पिंप आणलेलं. तीन बाजूंना विटा, वर पत्रा, कोपऱ्यात वाळूची बादली. एकदम सेफ!

"परवानगी?" बायकोने, मेघनाने, विचारलं.

"अगं, विटा नुसत्या रचल्यात. हे बांधकाम नाही, मांडणी आहे!"

"हो? आणि कोणी तोडायला आलं की बाजूची माझी शेड पण बघतील. मग पोळ्या काय तुमच्या पाठीवर लाटू?"

मुद्दा बरोबर होता. मागच्या शेडमध्ये तिचे पोळीभाजीचे डबे चालतात, घर त्याच्यावर चालतं, आणि परवानगी तिलाही नाही. पण मी कशाला कोणाच्या नजरेत येतोय?

राहिली चौथी बाजू. वारा सुटला की ठिणग्या उडणार, म्हणजे पडदा पाहिजे. आता ठाण्यात काही झाकायचं असेल तर माणूस ताडपत्री विकत घेत नाही. कोणाचा तरी वाढदिवस संपायची वाट बघतो! आमच्या भागाचे पुढारी भगवानभाऊ. त्यांचा शुभेच्छांचा फ्लेक्स नाक्यावर उतरवून ठेवलेला. दहा फुटी भाऊ, हात जोडलेले, मिशी पार कानापर्यंत, आजूबाजूला त्यांची माणसं. मी उचलला.

"पेटणार नाय ना रे?" मोरूने विचारलं.

"पावसात चार महिने टिकतो, आगीत तासभर नाही टिकणार?"

आत्ता वाटतं, ह्या वाक्यात कुठेतरी गडबड आहे. तेव्हा दोघांनाही पटलेलं.

छापील बाजू आत घेतली, बाहेरून कोणाला कळायला नको म्हणून. त्यामुळे रविवारी दुपारी भाऊ हात जोडून तंगड्यांकडे मत मागत होते. तेवढ्यात चरबी निखाऱ्यावर गळली आणि जाळ भसकन वर आला.

"दादा," मोरू म्हणाला, "भाऊंना घाम आलाय."

वळून बघतो तर भाऊंची मिशी ओघळत होती! आधी ओठावर, मग हनुवटीवर. मग गाल फुगला, एक डोळा बारीक झाला, आणि मला डोळा मारून भाऊंनी पेट घेतला!

"आग! आग!"

वरच्या मजल्यावरून कलावतीकाकू ओरडल्या, "पुरे हां महेंद्र! ह्यावेळी नाही फसणार!"

काय करणार? एक एप्रिलला मीच 'तीन दिवस पाणी नाही' अशी नोटीस लावून त्यांना वाट्यांमध्येसुद्धा पाणी भरायला लावलेलं.

"मोरू, वाळू!"

"ती मी ओतून दिली. बिअरच्या बर्फाला बादली नव्हती ना!"

शेवटी मेघनाने डब्यांच्या आमटीचं अख्खं पातेलं फेकलं. आग विझली. उरले कमरेखालचे भाऊ, त्यावर कढीपत्ता.

तोपर्यंत कलावतीकाकूंनी व्हिडिओ काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकलेला. खाली लिहिलेलं, 'महेंद्रने भगवानभाऊंना जाळलं'.

दहा मिनिटांत बाईकचे आवाज! भाऊ रागावले, महापालिकेत एक फोन केला, की माझ्या विटा गेल्या आणि मेघनाची शेडही गेली. मोरू पिंपात शिरायला लागला.

"अरे, मावत नाहीस तू!"

"डोकं तरी जाऊ दे!"

बाईकवरून आलेली पोरं बाजूला झाली आणि स्वतः भाऊ आत आले. मी चिमट्यासकट हात जोडले. मेघना शेडच्या दारात उभी, दोन्ही हातांनी चौकट धरून.

भाऊंनी जळका फ्लेक्स उचलला. "ह्यात माझ्या उजवीकडे कोण होता?"

"सा... साईनाथराव, भाऊ. तुमचा उजवा हात."

"गेल्या आठवड्यात पलीकडच्या पार्टीत गेला तो. पूर्ण जळला?"

"राख झाली, भाऊ! चप्पल पण नाही उरली!"

भाऊ हसले. मग पोरं हसली. मग, परवानगी मिळाल्यासारखं वाटल्यावर, मी हसलो.

भाऊंनी तीन तंगड्या खाल्ल्या, हात पुसले आणि म्हणाले, "लाइव्ह कर रे!" मोबाईल समोर आला आणि भाऊंनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी आम्ही स्वतः उभं करून दिलेलं हे शेगडीघर! बिल्डिंग चार, तळमजला, मागची बाजू! शेजारी शेड पण आहे, गरम पोळ्या मिळतात!"

"भाऊ, पत्ता नको..." मी पुटपुटलो. कोण ऐकतंय!

सोमवारी सकाळी महापालिकेचा माणूस टेप घेऊन दारात. "भाऊंचा व्हिडिओ बघितला. छान आहे. दोन्हींची परवानगी दाखवा."

"अहो, थेट भाऊंशीच बोला!" मी ऐटीत फोन लावला, स्पीकरवर टाकला. "भाऊ, महेंद्र बोलतोय! शेगडीघरवाला!"

"कोण महेंद्र?" भाऊ म्हणाले. "कसलं शेगडीघर?"

फोन कट.

साहेब मापं घ्यायला वाकले. एकटेच आलेले, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मेघनानेही बघितलं.

मी मुकाट्याने टोक धरलं.