उशी पळवणारे अण्णा

आमच्या गल्लीत तान्ह्या बाळांच्या उशा चोरीला जात आणि चोर कोण, हे झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णा दारोगा. समोरच्याच घरात एकटे राहायचे. उभी हयात त्यांनी महाराजांच्या पागेवर दारोगा म्हणून घोड्यांमध्ये काढलेली. आता पेन्शन घेऊन ओट्यावर बसत, मिशांना तूप लावत आणि कुणाकडे बाळंतीण आली यावर करडी नजर ठेवत.

बाळ घरी आलं की दोन दिवसांत अण्णा दारात उभे. "बाळ कुठाय?" म्हणत सरळ पाळण्याशी जायचे, आत डोकावून नाक फेंदारायचे, बाळाचं डोकं एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं खालची उशी ओढायचे आणि ती काखोटीला मारून चालू लागायचे. घरातल्या बायका "अहो अण्णा, अहो अण्णा" करत उंबऱ्यापर्यंत जायच्या. त्यापुढे एवढ्या मोठ्या मिशांच्या मागे कोण धावणार?

उशी म्हणजे मोहरीची. बाळाचं डोकं छान गोल व्हावं म्हणून मोहरी भरलेली लहानशी उशी त्याच्या डोक्याखाली द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. मराठी घरात आहे, गुजराती घरातही आहे. आमच्या शेजारच्या जशोदाबेन तर छातीवर हात ठेवून सांगायच्या, "राईनुं ओशीकुं मूको, माथुं नारंगी जेवुं थशे!" म्हणजे राईची उशी द्या, डोकं नारिंगासारखं गोल होईल. अण्णा ती उशी घरी नेऊन उसवायचे आणि दुसऱ्या दिवशी मोहरी पुडीत बांधून परत आणून द्यायचे. वर बजावायचे, "मोहरी फोडणीला. डोक्याखाली नाही!"

त्यांचं सगळं शास्त्र पागेतून आलेलं. "शिंगराला कुणी उशी दिलेली पाहिलीयस?" हा त्यांचा ठरलेला सवाल. बाळ पाठीवर निजवायचं, अंथरूण सपाट आणि घट्ट, तोंडाशी चिंधीसुद्धा नको, असा त्यांचा कायदा. आणि डोकं गोल होण्याचं काय? "जागं असताना पालथं टाका घटकाभर, कडेवर घ्या, मांडीवर घ्या. आपोआप होतंय गोल. देवानं काय डोकी उशीवर ठेवून पाठवली होती?"

लोक हसायचे. मी सर्वांत जास्त हसायचो, कारण मी शिकलेला होतो. मॅट्रिकपर्यंत. दुसऱ्यांदा पास.

आता मला मोहरीच्या उशीचा एवढा पुळका का, ते सांगितलं पाहिजे. माझं डोकं मागून चपटं आहे. चपटं म्हणजे पाटासारखं. मी आईचं पाचवं अपत्य, माझ्या वेळेपर्यंत तिचा उत्साह आटला होता आणि उशी करायची राहून गेली, असं तीच सांगते. सदरा-धोतरात हे खपून जातं. पण मी पडलो कचेरीतला कारकून, आणि कचेरीत पगडी लागते. माझ्या डोक्यावर पगडी बसत नाही, ती मुक्कामाला आल्यासारखी टेकते आणि संधी मिळाली की निघते.

एकदा नवे साहेब रुजू झाले. आम्ही सगळे ओळीनं मुजरा करायला उभे. मी नको इतका वाकलो आणि पगडी सुटून थेट साहेबांच्या जोड्यांवर जाऊन बसली. पायावर पगडी ठेवतो म्हणजे माणूस काय करतो, हे आपल्याकडे पोरालाही कळतं. साहेब गहिवरले. "उठा, उठा, बघू आपण काय करता येईल ते," असं म्हणून पुढे गेले. करता काहीच आलं नाही. पण बढतीसाठी पहिल्याच दिवशी पायावर लोळण घेणारा माणूस म्हणून माझी कीर्ती साऱ्या कचेरीत झाली. हेडक्लार्क अजून मला बघून आपले पाय मागे घेतात.

तेव्हा मला मुलगा झाला आणि मी प्रतिज्ञा केली, की या कुळातलं चपटं डोकं माझ्यापाशी संपलं पाहिजे.

बायको करजणला माहेरी होती. तीन महिन्यांचं बाळ घेऊन ती परत आली तेव्हा आईनं मलमलच्या कापडात मोहरीची उशी तयारच ठेवली होती. पण माझं एवढ्यानं समाधान होईना. डोकं एका बाजूला कलंडलं तर? मी स्वतःच्या हातांनी गोधड्यांच्या दोन गुंडाळ्या केल्या आणि बाळाच्या दोन्ही बाजूंना ठासून बसवल्या. पायाशी तिसरी. पाळण्यात माझा मुलगा असा गच्च बसला की मला माझाच अभिमान वाटला.

बायको म्हणाली, "अहो, त्याला जरा मोकळं तरी राहू द्या. कुशीवर व्हायला लागलाय तो."

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून मला कानकोंडं व्हायला होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. पाळण्यात डोकावले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बापू, हे बाळ आहे की लोणच्याची बरणी? किती ठासून भरलंयस!" आणि उशी काखेत, दोन गुंडाळ्या खांद्यावर, निघाले. संध्याकाळपर्यंत मी नव्या गुंडाळ्या केल्या आणि आईनं दुसरी उशी शिवली. तीही गेली. तिसरी गेली. मोहरी मात्र इमानानं परत यायची. ती टाकवेना म्हणून आई फोडणीला घालायची, आणि आठवडाभर आमच्याकडच्या आमटीला बाळाच्या टाळूच्या तेलाचा वास येत होता.

चौथ्या उशीच्या वेळी मी पाळण्यापुढे आडवा उभा राहिलो.

"अण्णा, बस्स झालं. पागेतलं शहाणपण पागेत ठेवा. शिंगरू तर उभ्याउभ्याही डुलक्या काढतं, मग मुलाला काय भिंतीशी उभं करून निजवू?"

अण्णा हसले. हसले म्हणून मला जास्तच चेव आला.

"तुम्हाला मूल ना बाळ. तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

अण्णांनी पुढे केलेला हात मागे घेतला, धोतराला पुसला. "खरं आहे," म्हणाले आणि गेले. त्या दिवशी उशी जागेवर राहिली. बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी मात्र कचेरीत चार जणांना गाठून सांगितलं, की म्हाताऱ्याला कसा गप्प केला.

आठ दिवस अण्णा फिरकले नाहीत. समोरच्या ओट्यावर बसून असत, आमच्या खिडकीकडे तोंड करून.

मग सुट्टीचा दिवस आला. आई कीर्तनाला गेली होती. दुपारची वेळ, बायको मागच्या अंगणात धुणं धूत होती आणि बाळाकडे लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी खिडकीशी पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून वर्तमानपत्र वाचत बसलो. अंगठ्याला दोरी ही माझी स्वतःची युक्ती. तिचा दोष असा, की माणूस झोपला की अंगठाही झोपतो.

जाग आली ती धाडकन दार उघडल्याच्या आवाजानं. अण्णा घरात घुसले होते. अनवाणी, उघडेबंब. माझ्याकडे न बघता त्यांनी पाळण्यात दोन्ही हात घातले आणि बाळाला वर उचललं. बाळ कुशीवर झालं होतं आणि तसंच पालथं पडलं होतं. माझ्या गुंडाळ्यांमुळे त्याला परत वळता आलं नव्हतं. तोंड, नाक, सगळं मोहरीच्या उशीत. ओठ निळसर. अण्णांनी त्याला हातावर पालथं घेतलं आणि पाठ चोळली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी उठायला गेलो तर अंगठ्याची दोरी अडकली आणि मी तोंडावर आपटलो. माझ्या मुलाच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट घटकेला त्याचा बाप जमिनीवर पडून पाय सोडवत होता.

मग बाळ रडलं. आधी बारीक, मग अख्खी मांडवी पेठ ऐकेल असं.

बायको ओल्या हातांनी धावत आली. तिनं पाळणा पाहिला, बाळ पाहिलं, मला पाहिलं. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. तिनं बाळाला छातीशी घेतलं आणि अण्णा मटकन खाली बसले.

"ओट्यावरून बापूची मान पडलेली दिसली. पाळणा थांबलेला. राहवलं नाही," ते म्हणाले. जणू माफीच मागत होते.

आता मला बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. अण्णांनी मला एक शब्द सुनावला नाही. ते बायकोला म्हणाले, "सूनबाई, याला काय बोलायचं ते आत्ता बोल. माझ्यासमोर बोल, लाजू नकोस. मनात ठेवू नको. आमच्या घरात बोललं गेलं नाही."

मग माझ्याकडे वळून ते सांगू लागले.

"मला मुलगा झाला होता, तुम्ही या गल्लीत यायच्या आधी. आमच्या हिला माहेर नव्हतं, बाळंतपण इथंच झालं. पागेत दसऱ्याच्या स्वारीसाठी घोड्यांच्या झुली शिवत होते. त्यातली उरलेली मखमल मी मागून आणली आणि शेवरीचा कापूस भरून उशी केली. ही नको म्हणत होती. मऊ फार आहे, म्हणत होती. मी म्हटलं, दारोगाचा मुलगा आहे, मखमलीवरच निजेल. दीड महिन्याचा होता. सकाळी ही उठवायला गेली. त्यानंतर वीस वर्षं आम्ही संसार केला. ती त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाही मला. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं, बापू. न बोलताच गेली."

'तुम्हाला मूल ना बाळ' असं मी ज्या तोंडानं म्हणालो होतो, त्या तोंडानं आता काय बोलू? मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. या वेळी पगडीशिवाय आणि मनापासून.

बायकोनं मात्र वडीलधाऱ्यांचा शब्द पाळला. ती बोलली. बाळाला थोपटत, डोळ्यांतून पाणी काढत, तिनं माझी अक्कल, माझी मॅट्रिक, माझ्या गुंडाळ्या, माझं चपटं डोकं, काही काही शिल्लक ठेवलं नाही. जशोदाबेन खिडकीशी येऊन ऐकून गेल्या. मी सगळं ऐकून घेतलं, आणि खरं सांगतो, शेवटी शेवटी मला हलकं वाटायला लागलं. मोहरीची उशी तिनं माझ्यादेखत मागच्या अंगणात भिरकावली.

मग ती शांत झाली. पदरानं डोळे पुसून अण्णांजवळ बसली आणि बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.

"अण्णा, नाव काय होतं त्याचं?"

अण्णांनी चमकून वर पाहिलं. हे त्यांना कुणीच कधी विचारलं नसावं.

"नाव ठेवलं नव्हतं. भाऊबंदात सुतक आलं, बारसं पुढं ढकललं होतं." ते बाळाच्या मुठीत आपलं बोट सरकवत म्हणाले, "मी मनात एक ठरवलं होतं. बारशाला सांगायचं म्हणून हिलाही बोललो नव्हतो."

"काय ठरवलं होतं?"

त्यांनी बाळाच्या टाळूवरून हात फिरवला. मग अगदी हळू म्हणाले, "केशव."

"छान आहे नाव," बायको म्हणाली.

"हो ना?" अण्णा म्हणाले. "तिलाही आवडलं असतं."