यशवंतरावांनी केलेली छाटणी

रविवारी सकाळी पोहे खाता खाता यशवंतराव डगांवकरांनी जाहीर केलं, की घरातला कॉम्प्युटर आठ दिवसांत वाऱ्यासारखा पळायला लागेल. कारखान्याच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस! टाउनशिपमध्ये त्यांच्या शब्दाला वजन होतं. घरात किती होतं ते सरोजताईंना विचारावं. पण त्या दिवशी त्याही गप्प राहिल्या, कारण या खेपेला कॉम्प्युटर पळावा असं त्यांनाच वाटत होतं.

कारण होता मोहन, त्यांचा एकुलता एक मुलगा. सहा वर्षांपूर्वी स्कूटर घेऊन होशंगाबाद रोडला गेला तो परत आलाच नाही. त्याच्या दोन महिने आधी त्यानं जवाहर चौकातून एक माइक आणला होता आणि तो चालतो का हे पाहायला वडिलांची नक्कल कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली होती. "सरोज, माझ्या किल्ल्या कुठे ठेवल्यास? या घरात एक वस्तू जागेवर नाही." सगळी मिळून चाळीस सेकंदं, शेवटी त्याचं स्वतःचंच हसणं. यशवंतराव तेव्हा दोन दिवस फुगून बसले होते. आता मोहनचे फोटो पुष्कळ होते, पण आवाज म्हणाल तर जगात तेवढाच.

सरोजताईंनी तो सहा वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. कॉम्प्युटरवरची धूळ रोज पुसायच्या, पण बटण दाबायच्या नाहीत. या वर्षी मात्र म्हणाल्या, "तिथीला ऐकीन म्हणते." मनाची तयारी म्हणून एका दुपारी यशवंतरावांनी मशीन चालू केलं, तर त्यानं उठायलाच अर्धा तास घेतला आणि उठलं ते जागच्या जागी थिजलं. सरोजताई पदराला हात पुसत खुर्चीवर बसून होत्या. शेवटी "राहू दे" म्हणून उठल्या. त्यांचं ते उठणं यशवंतरावांना फार लागलं, आणि म्हणून ती पोह्यांवरची घोषणा.

शेजारचे सुधाकर खोत ड्रॉइंग ऑफिसात होते, त्यांना कॉम्प्युटरमधलं कळायचं. त्यांनी येऊन पाहिलं आणि सांगितलं, की पोट गच्च भरलंय, नको ते काढून टाका. यशवंतरावांचा चेहरा उजळला.

"अहो, मग हा कॉम्प्युटरचा प्रश्नच नाही. हा रेकॉर्डचा प्रश्न आहे."

रेकॉर्ड सेक्शनची एक पद्धत होती. दर जानेवारीत, तीन वर्षं कुणी न उघडलेल्या फायलींची यादी करायची, तिघांच्या कमिटीच्या सह्या घ्यायच्या, बॉयलर हाउसच्या मागे फायली जाळायच्या आणि राख पाण्यात ढवळायची, म्हणजे अर्धवट जळका कागदही कुणाच्या हाती लागत नाही. फाइलचं फक्त कव्हर बघायचं, आत वाचायचं नाही. वाचायला बसलेला माणूस आयुष्यात काही जाळू शकत नाही, असं यशवंतराव नव्या कारकुनांना बजावत. या पद्धतीनं एकतीस वर्षांत एक कागद चुकीचा जळला नव्हता, हा त्यांचा अभिमान.

तर लांब पानांची वही आली. चार संध्याकाळी बसून त्यांनी सहाशे बारा नोंदी केल्या: अनुक्रमांक, नाव, शेवटचं कधी उघडलं, शेरा. खोतांनी सांगून पाहिलं, की अहो, हे एका फटक्यात होतं. त्यावर, तुम्ही रेकॉर्डला काम केलेलं नाही, असं उत्तर मिळालं. 'मोहन' नावाचं एक फोल्डर होतं. त्याच्यापुढे लाल शाईनं 'कायम' लिहून दोनदा अधोरेखित केलं. उघडून मात्र पाहिलं नाही. नियम होताच, पण खरं सांगायचं तर त्यांचा धीरच झाला नाही. आत पोराचा आवाज होता ना!

दोनशे चौदावी नोंद होती 'टेस्ट'. शेवटचं उघडलं, सहा वर्षांपूर्वी. यशवंतरावांनी स्वच्छ अक्षरात शेरा लिहिला: 'चाचणी. काम संपले. नाश.'

कमिटीत ते स्वतः, खोत आणि सरोजताई. सरोजताई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की मोहनचं सगळं ठेवलंत ना? यशवंतराव म्हणाले, कायम म्हणून नोंद केलीय. मग त्यांनी पिठाच्या हातानंच सही केली.

नाश यथासांग झाला. नंतर खोत सहज बोलून गेले, की पुसलेलं तसं खरं जात नाही, खाली शिल्लक असतं, जाणकाराला परत काढता येतं. झालं! यशवंतरावांना एकदम जळके कागद वाऱ्यावर उडताना दिसायला लागले. राख ढवळायलाच हवी. खोतांकडे रिकाम्या जागेवरून पुन्हा पुन्हा बोळा फिरवणारा एक प्रोग्राम होता, तो सीडीवर मागून आणला आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालवला. मग 'नाश पूर्ण' असा दाखला लिहून कॉम्प्युटरच्या डब्यावर चिकटवला आणि समाधानानं जेवले.

तिथीच्या दिवशी ब्राह्मण जेवून गेल्यावर दोघं कॉम्प्युटरपुढे बसली. एका मिनिटात मशीन सुरू झालं. सरोजताईंच्या तोंडून "अगंबाई" निघालं आणि यशवंतरावांची छाती फुगली. त्यांनी ऐटीत 'मोहन' उघडलं. आत इंजिनिअरिंगच्या नोट्स होत्या, क्रिकेटचे स्कोअर होते आणि नोकरीचा एक अर्ज होता.

"यात नाही हो," सरोजताई म्हणाल्या. "टेस्टमध्ये आहे. त्यानं मला दाखवलं होतं."

यशवंतरावांना वही बघावी लागली नाही. नंबर त्यांना पाठ होता.

त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उचलला, ऑटोत मांडीवर घेतला आणि जवाहर चौकातलं दुरुस्तीचं दुकान गाठलं. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं दोन तास खटपट केली. मग चष्मा काढून म्हणाला, "बाबूजी, इतनी सफ़ाई से काम किसने किया है? कुछ भी नहीं छोड़ा." एकतीस वर्षांत त्यांच्या कामाची अशी तारीफ कुणी केली नव्हती. यशवंतराव "मैंने" म्हणाले आणि तिथल्याच स्टुलावर मटकन बसले.

येताना ऑटोत त्यांनी थाप जुळवली: दुकानदार म्हणतो, आठ दिवस लागतील. पण घरात शिरले तर सरोजताई वही उघडून बसलेल्या.

"माझीच सही आहे," त्या म्हणाल्या. "पीठसुद्धा लागलंय."

थाप घशातच राहिली. यशवंतराव लहान मुलासारखे रडायला लागले. "एकदा उघडून बघायला हवं होतं गं. मला भीती वाटली."

"मी तरी कुठे उघडलं?"

चहा करायचंही कुणाला सुचलं नाही. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, सायकली घरी परतायला लागल्या. मग सरोजताई हळूच म्हणाल्या, "तुम्ही म्हणून दाखवा ना."

"मी काय म्हणणार? ती माझीच तर नक्कल."

"म्हणूनच."

यशवंतराव उभे राहिले. घसा साफ केला. रोज सकाळी म्हणतात तेच वाक्य, तोच आवाज, तोच माणूस. "सरोज, माझ्या किल्ल्या कुठे ठेवल्यास? या घरात एक वस्तू जागेवर नाही."

सरोजताईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली.

"नाही हो जमत तुम्हाला," त्या म्हणाल्या. "त्याला किती छान जमायचं."

यशवंतरावांनी डोळे पुसले आणि पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.