टेकाडखेडचा गुणकारी सोफा

माणसाची प्रकृती आणि तो ज्यावर बसतो ती वस्तू यांचा फार निकटचा संबंध असतो. शास्त्राला हे पुष्कळ उशिरा कळलं. टेकाडखेडच्या उकंडरावांना ते त्याच्या बरंच आधी, म्हणजे नवं महाराष्ट्र राज्य नुकतंच पाय टाकायला लागलं होतं त्या सुमारास कळलं. तोवर बुलढाणा जिल्ह्यातली माणसं बाजेवर, सतरंजीवर, ओट्यावर, आणि काहीच नसलं तर भुईवर बसत. आपल्याला पाठीचा कणा आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती. (दुखला म्हणजे 'कंबर धरली' म्हणत आणि वावरात जात.)

टेकाडखेड धाडच्या अलीकडं. एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं पायी यायचं, एवढी सोय. गावात शाळा होती, दोन देवळं होती, एक मशीद होती, आणि दवाखाना नव्हता. तो आणतो असं सांगून उकंडराव पंचायत समितीवर निवडून आले होते. निवडणुकीत माणूस वाट्टेल ते बोलतो, पण उकंडराव हे मनापासून बोलले होते. त्यांच्या घरच्यांना, पुष्पाबाईंना, दमा होता. कपाशी घरात येऊन पडली की बाईंची छाती भरायची, आणि मग बैलगाडीनं फाटा, फाट्यावरून मिळेल ते वाहन आणि बुलढाण्याचा डॉक्टर अशी धावपळ व्हायची. एकदा तर फाट्यावरच बाईंचे डोळे फिरले होते आणि उकंडराव रस्त्यात बसून ढसाढसा रडले होते. बायकोवर जीव असलेला माणूस होता तो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं वाचताना शंका येईल.

दवाखान्याचा अर्ज वर गेला. वर गेलेली वस्तू खाली यायला वेळ लागतो. असा सरकारचा नियम नाही, पण वहिवाट आहे. तेवढ्या वेळात चिखलीच्या एका कापसाच्या जिनवाल्याच्या बंगल्यात उकंडरावांना पुण्याचे गद्रे भेटले. गद्रे हे गृहसजावट-विशारद. ते घर सजवत नसत, घराची तब्येत सुधारत. निम्मे आजार भिंतींच्या रंगामुळं होतात आणि उरलेले चुकीच्या बैठकीमुळं, असं त्यांचं ठाम मत होतं. जंतूंविषयी ते फारसं बोलत नसत, कारण जंतूंच्या जागी बसवायला त्यांच्याकडं काही नव्हतं. उकंडरावांनी त्यांना भीत भीत विचारलं, की दम्यावर तुमच्याकडं काय आहे? गद्र्यांनी डोळे मिटून घेतले आणि ते गंभीरपणे म्हणाले, "हिमालय."

झालं. पुढच्या खोलीतली ज्वारीची पोती हलली आणि कामाला सुरुवात झाली. भिंतींना फिका हिरवा रंग लागला, तो डोळ्यांसाठी. निळे मखमली पडदे आले, ते रक्तदाबासाठी. काचेच्या कपाटात शिंपले आणि लाकडी हत्ती मांडले, त्यानं मन शांत राहतं. मेजावर प्लॅस्टिकची द्राक्षं ठेवली, त्यांनी भूक वाढते. (हे मात्र खरं निघालं. एका व्याह्यांनी त्यातलं एक तोडून तोंडातही टाकलं.) मधोमध कण्यासाठी सोफा बसला. तो आतून स्प्रिंगचा, वरून रबराच्या गादीचा आणि मरून रंगाचा होता. राहता राहिला हिमालय. तो पूर्वेच्या भिंतीवर रंगवायचा होता, पण त्या भिंतीला नेमकी खिडकी होती. दम लागला की पुष्पाबाई त्याच खिडकीच्या गजांना धरून उभ्या राहत आणि बाहेरची हवा ओढत. गद्र्यांनी खिडकी विटांनी बुजवली, वर गिलावा केला आणि बरोबर त्या जागी सगळ्यात उंच शिखर काढलं. शास्त्र साधं होतं. खिडकीतून येते ती टेकाडखेडची हवा आणि शिखरावरून येते ती हिमालयाची.

खोली पुष्पाबाईंच्या तब्येतीसाठी केलेली. म्हणजे ती चांगली राहायला हवी. चांगली राहायची तर तिचा रोज वापर होऊन चालायचं नाही. तेव्हा पुष्पाबाईंनी तिथं बसायचं नाही, असं घरातल्या सर्वांच्या, म्हणजे उकंडरावांच्या, मतानं ठरलं. खोलीत जायला मात्र त्यांना मुळीच बंदी नव्हती. पडद्यांवर आणि सोफ्यावर घरात पडलेल्या कापसाचा बारीक धुरळा येऊन बसायचा, तो रोज सकाळी त्याच झटकत. झटकून झालं की मागच्या अंगणात भिंतीला टेकून बसत, आणि हरवलेला श्वास सापडला की उठून स्वयंपाकाला लागत.

इकडं उकंडरावांनी पारावर सोफ्याचे गुण सांगायला सुरुवात केली. आता पुण्यामुंबईकडं कोणी म्हणालं की आमचं हे फर्निचर आरोग्याला फार चांगलं, तर ऐकणारा 'अरे वा' म्हणतो आणि कितीला पडलं ते विचारतो. वऱ्हाडात तसं नाही. वऱ्हाडात कोणाकडं गुण आहे असं कळलं, की दुसऱ्या दिवशी माणसं दारात उभी राहतात. पहिल्या आल्या त्या पलीकडच्या गल्लीतल्या कलाबाई. गुडघा धरून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, लय ठणकून राह्यला. जराकसं बसू द्या तुमच्या सोफ्यावर." उकंडरावांना कौतुकही वाटलं आणि धक्काही बसला. बाईंच्या पायाला सारा पांदणरस्ता लागलेला होता.

नाही म्हणावं तर पंचाईत. गावातले रामराव रविवारी पहाटे काविळीची मुळी देत. ते उकंडरावांना कायदा समजावून सांगायला मुद्दाम घरी आले. ज्याच्याजवळ गुण आहे त्यानं कोणाला परत पाठवायचं नाही आणि पैसा घ्यायचा नाही, घेतला की गुण जातो. घेणाऱ्यालाही एक पथ्य आहे. कोणी विचारलं तर त्यानं 'गुण आला' असंच म्हणायचं. 'नाही आला' म्हटलं की देणाऱ्याचा अपमान होतो, आणि जो थोडाफार येऊ घातलेला असतो तोही वाटेतून परत फिरतो. रामराव हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानं सांगत होते. त्यांच्या मुळीनं आजवर कोणाचीही कावीळ राहिलेली नव्हती. (ज्यांची राहिली ते सांगायला राहिले नाहीत.)

मग रीतसर व्यवस्था लागली. धाडच्या बाजाराच्या दिवशी गर्दी जास्त, म्हणून त्या दिवशी फक्त परगावचे. कंबरवाल्यांनी सोफ्याच्या डाव्या अंगाला बसायचं आणि गुडघेवाल्यांनी उजव्या. पोटवाल्यांनी खुर्चीत बसून द्राक्षांकडं पाहायचं. पाय धुऊन यायचं, तंबाखू बाहेर थुंकायची, डोक्याला तेल असेल तर मागं टेकायचं नाही. झोप लागल्यास घरच्यांनी उठवून न्यायचं. बांगड्या विकणारे रहेमतुल्ला डोळ्यांची जळजळ कमी व्हावी म्हणून हिरव्या भिंतीकडं तोंड करून बसायचे, आणि त्यांच्या पेटाऱ्याला कोणाचा धक्का लागू नये म्हणून दारात वेगळी जागा राखली होती. आजार कोणताही असो, बसलेल्यांपैकी शंभरातल्या शंभरांना गुण आला. एवढा आकडा थोरामोठ्या इस्पितळांनाही जमलेला नाही. उकंडरावांची मान ताठ झाली. पारावर त्यांना आता लोक बाजूला सरून जागा देत. पुष्पाबाईंचं झटकणं तेवढं दिवसातून दोनदा झालं.

अशात एक दिवस अर्जाचं उत्तर स्वतः चालून आलं. आरोग्य खात्यातले एक साहेब जीपमधून पाहणीला उतरले. एकच दवाखाना मंजूर होता आणि गावं दोन होती, टेकाडखेड आणि नदीपलीकडचं एक. ज्या गावाला गरज जास्त त्याला दवाखाना मिळणार, आणि तो शेरा साहेब मारणार होते. उकंडरावांनी त्यांना अर्थातच पुढच्या खोलीत नेऊन सोफ्यावर बसवलं. आमच्याकडच्या रस्त्यानं जीपमधून आलेल्या माणसाला दगडावर बसवलं तरी बरं वाटेल, पण साहेबांनी ते श्रेय सोफ्याला दिलं. "अरे, काय आराम आहे हो!" असं म्हणून त्यांनी पाय पसरले. उंबऱ्याशी सगळं गाव जमलेलं होतं. कोणीतरी कौतुकानं सोफ्याची कीर्ती सांगून टाकली आणि साहेब सरसावून बसले.

त्यांनी एकेकाला पुढं बोलावून विचारलं. कलाबाईंना दोघी सुनांनी काखेत धरून आणलं. त्या म्हणाल्या, "हाव साहेब, गुण हाये." रहेमतुल्लांनी पाणावलेले डोळे पुसले आणि लय आराम पडला म्हणून सांगितलं. रामराव तर सोफ्यावर कधी बसलेही नव्हते, पण एका गुणवाल्यानं दुसऱ्याला सांभाळायचं असतं, म्हणून त्यांनीही मान डोलावली. कोणी खोटं बोलत नव्हतं. सगळे पथ्य पाळत होते.

आणि मग आतून खोकला आला. साधा नव्हे, छातीच्या तळातून ओढून काढलेला, थांबता थांबेना असा. साहेबांनी विचारलं, "कोण खोकतंय?"

उकंडराव अर्धवट उठले. हेच तर दाखवायचं होतं. आत जाऊन बायकोला हाताला धरून आणायचं आणि सांगायचं, की साहेब, ही पाहा, हिच्यासाठी दवाखाना द्या. हे वाक्य त्यांनी कितीदा मनात घोकलं होतं. पण बाई आल्या की साहेब विचारणार, या बसत नाहीत का सोफ्यावर? बसतात म्हटलं तर सोफ्याचा गुण गेला. बसत नाहीत म्हटलं तर का, ते सांगावं लागणार. उंबऱ्याशी गाव डोळे लावून उभं होतं. गावानं पथ्य पाळलं होतं, आता पाळी त्यांची होती.

"शेजारचं कोनी असंल," उकंडराव म्हणाले.

साहेबांनी सरळ विचारलं, दवाखान्याची निकड आहे का? उकंडरावांनी हिमालयाकडं पाहिलं, मग सोफ्याकडं पाहिलं, आणि घसा साफ करून ते म्हणाले, "तसं पाह्यलं तं... इथं गुण हाये साहेब."

दवाखाना नदीपलीकडं गेला. त्या बिचाऱ्या गावात बसायलाही धड काही नाही, असा शेरा पडला. टेकाडखेडमध्ये कोणी कोणाला दोष दिला नाही, कारण प्रत्येकानं साहेबांना काय सांगितलं ते बाकीच्यांनी कानांनी ऐकलेलं होतं. उलट खात्याच्या साहेबानंच मानलं म्हटल्यावर गर्दी वाढली आणि उकंडरावांनी दुसऱ्या सोफ्यासाठी गद्र्यांना कळवलं.

पुष्पाबाई भांडल्या नाहीत. भांडायला दम लागतो. ताट वाढताना त्या एवढंच म्हणाल्या, "एक शबुद बोलाचा होता तुमाले. काऊन नाही बोलले?"

"साऱ्या गावासमोर?" उकंडराव म्हणाले. "सोफ्याचा गुण गेला असता ना."

"मले कवा आला होता तो?"

उकंडरावांनी ताट बाजूला सारलं. त्यांना त्या क्षणी फार वाईट वाटलं, हेही इथं नमूद केलं पाहिजे. पण सकाळी मेहकरकडचे लोक बसायला येणार होते आणि पडदे झटकायचे राहिले होते.

दिवाळीच्या आधी पुष्पाबाईंना त्यांचा भाऊ येऊन हिवरा आश्रमाजवळच्या माहेरी घेऊन गेला. तिथं शेणानं सारवलेली भुई, ओट्यावर बाज आणि चारी बाजूंनी वारा. मुद्दाम करायला कोणाकडं पैसाही नव्हता आणि गद्रेही नव्हते. महिन्याभरात निरोप आला, की बाईंचा खोकला पुष्कळ कमी आहे आणि त्यांच्या मनात इतक्यात परत यायचं नाही. उकंडरावांनी निरोपाचा पहिला अर्धा भाग पारावर सांगितला. सोफ्याचा गुण इतक्या लांबवर लागतो हे ऐकून लोक थक्क झाले, आणि ज्यांना घरातून हलता येत नाही अशांच्या नावानं नातेवाईक येऊन बसू लागले.

तुम्ही हसलात ना? हसा, हसण्यानं फुप्फुसं मोकळी होतात असं गद्रेही म्हणत. फक्त एक सांगा. तुमच्या बैठकीत परवा जी नवी, तब्येतीला चांगली वस्तू आली, आणि जिच्यापायी घरातल्या कोणाची तरी नेहमीची बसायची जागा गेली, तिच्याबद्दल पाहुण्यांनी 'फरक पडला का हो?' असं विचारल्यावर तुम्ही काय सांगितलंत? आणि तुम्ही ते सांगत होतात तेव्हा आत चहा गाळणारा हात मध्येच का थांबला, ते उठून पाहिलंत का?