नजरेनं घेतलेलं माप

सात वर्षांपूर्वी एका रविवारी जावईबापूंनी ठरवलं, की चपलांचं कपाट आपण स्वतः करायचं. बस्स, एवढंच. त्याऐवजी त्यांनी पोहायला शिकायचं ठरवलं असतं तरी पुढची नामुष्की टळली असती. कारण घरात सासरे होते. सासऱ्यांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलेलं. सासूबाईंसह एकुलत्या एका मुलीकडे राहायला आले, ते कपड्यांची एक पिशवी आणि हत्यारांच्या तीन पेट्या घेऊन. आणि जावईबापू म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातले आवक-जावक कारकून. त्यांच्या हातून आजवर उमटलेली एकमेव कलाकृती म्हणजे पत्रांवरचे शिक्के (त्यातलेही निम्मे उलटे). अशा माणसाला सुताराच्या नाकावर टिच्चून कपाट करायची हुक्की यावी, याला काय म्हणायचं? स्वतः जावईबापू त्याला ‘विनाशकाले’ एवढंच म्हणत.

तर कपाट झालं. दाराबाहेर, जिन्याच्या वळणावर, भिंतीला चार स्क्रूंनी लटकलं. सासऱ्यांनी चष्मा पुसून आधी कपाटाकडे पाहिलं, मग जिन्याकडे.

“वळणाचं माप घेतलंत?”

“नजरेनं घेतलं.”

“हं,” सासरे म्हणाले. त्या ‘हं’पेक्षा साहेबांचा मेमो परवडला, असं जावईबापूंना वाटून गेलं.

पहिले काही महिने कपाट डुलायचं. मग जावईबापू ऑफिसच्या प्रशिक्षणासाठी दोन दिवस बाहेरगावी गेले आणि परत येऊन बघतात तर कपाट ठणठणीत! “लाकूड मुरलं आता,” त्यांनी बायकोला जाणकारासारखं सांगितलं. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते कपाटावर थाप मारून दाखवत. सासरे शेजारी उभे राहून छताकडे बघत.

आणि एका सकाळी सासरे गेले. पेपर वाचता वाचता, कोणाला हाकसुद्धा न मारता. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून राहिल्या. बायको रडली नाही. कोणाकोणाला कळवायचं त्याच्या याद्या करत राहिली, आणि तिचं ते कोरडं तोंड जावईबापूंना बघवत नव्हतं. सात वर्षांत सासऱ्यांनी त्यांना एक फळी उचलू दिली नव्हती. “राहू द्या, मी बघतो,” हे ठरलेलं. आता आज तरी पुढची बाजू आपण धरायची आणि या माणसाला मानानं खाली न्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आज आपल्या हातून काही पडता कामा नये.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गाडी आली. सासऱ्यांना स्ट्रेचरवर निजवलं. पुढे जावईबापू आणि सासऱ्यांच्या कारखान्यातले जुने सोबती, मिस्त्री. मागे वरच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर आणि गाडीवाला. चौघे दाराबाहेर पडले, चार पायऱ्या उतरले आणि वळणावर थांबले. स्ट्रेचर कपाटाला टेकलं होतं.

“जरा तिरकं करा,” मास्तर म्हणाले.

“तिरकंच आहे.”

“मग उभं करा!” गाडीवाला म्हणाला.

“अहो, सासरे आहेत ते, फ्रिज नाही!” जावईबापू ओरडले.

“कोणी बसवलं हो हे कपाट इथं?” गाडीवाल्यानं विचारलं. खालच्या मजल्यापर्यंत उभी असलेली माणसं एकदम आपापल्या पायांकडे बघू लागली. जावईबापूंना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. (पण दुसऱ्या मजल्यावर तीही सोय नव्हती.)

सासऱ्यांना परत घरात आणून ठेवलं. जावईबापूंनी सासऱ्यांच्या हत्यारांची पेटी उघडली, आयुष्यात पहिल्यांदा. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कपाटाला भिडले. एक स्क्रू निघाला, दुसरा निघाला, चारही निघाले. कपाट जागचं हलेना. जावईबापूंनी ओढलं, हिसडलं, खांदा लावला. ज्या माणसाच्या हातात आलेली खुर्चीसुद्धा बसण्याआधी मोडायची, त्याची ही एकच वस्तू टिकली होती, आणि तीही नेमकी आज! घामाघूम होऊन ते कपाटापुढे हात जोडायच्या बेतात होते.

तेवढ्यात दारातून सासूबाईंचा आवाज आला. कालपासून त्या पहिल्यांदाच बोलत होत्या.

“अहो जावईबापू, वर उचला.”

“काय?”

“वर उचला, की निघतं. ह्यांनी तसं करून ठेवलंय. ते स्क्रू नुसते दाखवायचे आहेत. तुमच्यासाठी.”

जावईबापूंनी कपाट वर उचललं. खुंटीवरची टोपी काढावी तसं ते अलगद त्यांच्या मिठीत आलं. दारं उघडली आणि सगळ्या घराच्या बूट-चपला धडाधड जिन्यावरून खाली निघाल्या. पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मागच्या भिंतीवर वरची कड तिरकी तासलेली मजबूत पट्टी ठोकलेली होती, तिच्यावरच कपाट अडकवलेलं होतं, आणि तिच्याखाली सुताराच्या जाड पेन्सिलीनं, सासऱ्यांच्या अक्षरात, काहीतरी लिहिलेलं होतं. बायको पुढे झाली आणि मोठ्यानं वाचू लागली.

“वळण छत्तीस इंच. कपाट धरून बावीस. स्ट्रेचर चोवीस. माझ्या वेळी कपाट उचलून ठेवावे. जावईबापूंना सांगू नये, वाईट वाटेल.”

मग मिस्त्री पुटपुटले, “स्वतःचं माप घेऊन ठेवलं की हो यानं,” आणि बायकोला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर हात दाबून, मग हात काढून. तिच्यामागे सासूबाई हसल्या, मास्तर हसले, तळमजल्यापर्यंत हसू उतरत गेलं. आणि हसता हसताच बायको रडायला लागली, कालपासून अडलेलं सगळं रडली. कपाट कवटाळून उभे असलेले जावईबापूही रडत होते. त्यांना लाज वाटत होती आणि तितकंच बरंही वाटत होतं. सात वर्षं त्यांना वाटत आलं होतं की या माणसाच्या लेखी आपण शून्य आहोत. आणि या माणसानं आपल्याला वाईट वाटू नये म्हणून सहा वर्षं गुपित राखलं होतं.

मग सगळं भराभर झालं. कपाट आत गेलं, जावईबापूंनी जिन्यावरच्या ढिगातून हाताला लागले ते बूट पायांत खुपसले आणि पुढची बाजू धरली. स्ट्रेचर वळणावरून दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच राखून निघालं. काहीही पडलं नाही.

स्मशानाच्या फाटकापासून आत दोनशे पावलं चालायचं होतं. तिथंही जावईबापू पुढेच. पाय जड झाला होता, उजवं पाऊल भलतीकडेच वळत होतं. मागून मास्तर कोणाला तरी हलक्या आवाजात सांगत होते, “बघा, जावई असून किती मनाला लावून घेतलंय. पाऊल सरळ पडत नाही बिचाऱ्याचं.” हे कानावर आल्यावर जावईबापूंनी (आता खोटं कशाला बोला) थोडं जास्तच लंगडून घेतलं.

सगळं आटोपल्यावर बायको जवळ आली. तिनं डोळे पुसले, खाली पाहिलं आणि पुन्हा तोंडावर हात दाबला.

“अहो, हे काय घातलंय पायांत?”

जावईबापूंनी पाहिलं. एक बूट तपकिरी, त्यांचा स्वतःचा. दुसरा काळा, सासऱ्यांचा. आणि दोन्ही डावे.

ते घाईघाईनं वाकून बूट काढायला लागले, तशी सासूबाईंनी त्यांच्या दंडाला धरून उठवलं.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “पण आता जरा बघून चालत जा. मागून गुपचूप दुरुस्त करणारा माणूस गेला.”

“हो आई, आता प्रत्येक पाऊल बघूनच टाकीन,” असं म्हणून जावईबापू वळले, ते थेट मास्तरांच्या पायावर. घाबरून मागे सरकले, ते मास्तरांच्या दुसऱ्या पायावर.

“राहू द्या, राहू द्या,” मास्तर कळवळून म्हणाले, “पण दोन्ही वेळा डाव्यानंच हो!”